मिररमधली एक डिस्क गेली: नवी जोडायच्या आधी जुन्या दोघींतली खरी कोण ते बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: नौपाड्यात तुमचा फोटो स्टुडिओ, लग्नाचे फोटो ठेवायला उबंटूचा एक डबा, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोघींवर तोच माल. सेटिंग करून देणारा भाचा आता बंगळुरूला. परवा एमडीस्टॅट (मिररची हालत दाखवणारी लिनक्सची फाईल) उघडून बघितलं तर 'यू यू' (दोन्ही डिस्क चालू) च्या जागी 'यू' आणि पुढे नुसती अंडरस्कोर. नवीन ४ टीबीची डिस्क आणून ठेवलीये, एका व्हिडिओत एमडीएडीएमची (लिनक्समध्ये मिरर सांभाळायचं टूल) क्रिएट कमांड मारून दाखवलीये, तर तीच मारू का, आणि दोन्हीतली कुठली काढू.

क्रिएट मारू नका. बाकीचं खाली सविस्तर लिहितो, पण एवढं आधी वाचा आणि की-बोर्डवरून हात काढा.

मी ऐरोलीला राहतो, अठरा वर्षं हेच काम करतोय, आधी महाप्याच्या एका डेटा सेंटरात शिफ्ट केल्या आणि आता ठाण्यापासून बेलापूरपर्यंतची छोटी ऑफिसं सांभाळतो. ट्रान्सहार्बर लोकलमध्ये बसून फोनवर मराठी की-बोर्डने टाइप करतोय म्हणून कमांडपण देवनागरीतच लिहितोय, तुम्ही मारताना इंग्रजीत मारालच.

आता मुद्दा. तुम्हाला वाटतंय प्रश्न कमांडचा आहे. कमांड दोन ओळींची आहे हो, ती कोणीही सांगेल. खरा प्रश्न ओळख पटवण्याचा आहे. तुमच्या टेबलावर थोड्या वेळाने तीन डिस्क असणार, तिन्ही काळ्या, तिन्ही ४ टीबी, कदाचित तिन्ही एकाच कंपनीच्या. एकीत सगळे फोटो आहेत, एकीत काही महिन्यांपूर्वीचे फोटो आहेत आणि एक रिकामी आहे. मिररमध्ये डेटा घालवणारे लोक डिस्क मेली म्हणून नाही घालवत, या तिघींत गोंधळ करून घालवतात. मी स्वतः केलाय, सांगतो.

२०१६ चा पावसाळा, महाप्याला एका कारखान्याचं ऑफिस. असाच दोन डिस्कचा मिरर, एसडीबी (लिनक्सने एका डिस्कला दिलेलं नाव) बाहेर पडलेली. ट्रेवर आधीच्या माणसाने 'ए' आणि 'बी' असे स्टिकर चिकटवलेले, मी मशीन बंद केलं, 'बी' ओढून काढली, परत चालू केलं. मस्त चालू झालं, नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर दिसायला लागलं, मी खुश, चहा आला. मग अकाउंटच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, बिलांची यादी ८ तारखेला संपतेय, आज २९ आहे." अंगावर काटा आला. स्टिकरवरचं 'बी' आणि लिनक्सचं एसडीबी यांचा काही संबंधच नव्हता. चांगली डिस्क चहाच्या कपाशेजारी पडलेली आणि मशीन चालत होतं तीन आठवड्यांपूर्वी बाहेर पडलेल्या डिस्कवर. नशीब की मी नवीन डिस्क जोडली नव्हती अजून. जोडली असती तर जुना माल नव्या डिस्कवर कॉपी झाला असता, आणि काढलेली खराब समजून घरी जाताना बॅगेत टाकली असती. त्या दिवशी गेली ती फक्त मधल्या अर्ध्या तासातली एंट्री, ती मॅडमनी परत टाइप केली, मला मात्र काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं पाठ करावं लागणार नाही. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल (लिनक्सचा गाभा) बूट होताना देतो, जी डिस्क आधी सापडेल तिला पहिलं अक्षर. एक केबल हलवली, एक डिस्क वाढवली की अक्षरं बदलू शकतात. दुसरं, बाहेर पडलेल्या डिस्कला स्वतःला माहीत नसतं की ती बाहेर आहे! 'ही डिस्क गेली' ही नोंद उरलेल्या डिस्कच्या सुपरब्लॉकवर (मिररची माहिती ठेवणारी डिस्कवरची छोटी जागा) होते, गेलेलीवर लिहिता येत नाही म्हणून तर ती बाहेर काढली ना. तिच्या हिशोबाने सगळं आलबेल आहे, शेवटचं आठवतंय ते 'यू यू'. म्हणून तिला एकटीला मशीनमध्ये ठेवलं की ती छाती काढून उभी राहते.

म्हणून पहिली पायरी नुसती बघण्याची. एमडीएडीएम डॅश डॅश डिटेल, पुढे एमडी० (तुमच्याकडे एमडी१२७ पण असेल, कॉन्फिग फाईलमध्ये ॲरे, म्हणजे हा डिस्कचा गट, लिहिलेला नसला की ते नाव येतं, घाबरू नका). ही कमांड सांगेल कुठलं पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) ॲक्टिव्ह आहे आणि कुठल्या जागी 'रिमूव्ड' किंवा 'फॉल्टी' आहे. अंडरस्कोर पहिली की दुसरी यावरून डिस्क ओळखायला जाऊ नका, फसाल. मग दोन्ही पार्टिशनवर एमडीएडीएम डॅश डॅश एक्झॅमिन मारा आणि दोनच ओळी बघा, 'अपडेट टाइम' आणि 'इव्हेंट्स'. ज्या डिस्कची वेळ आत्ताची आणि इव्हेंट्सचा आकडा मोठा, ती तुमची खरी. दुसरीचा अपडेट टाइम बघून बसा जरा खाली, कारण तो सांगेल ती कधीपासून बाहेर आहे. तुम्हाला परवा कळलं म्हणजे ती परवाच गेली असं नाही, मी एकेकाकडे आठ-आठ महिने एका पायावर उभा असलेला मिरर बघितलाय.

मग नंबर. एलएसबीएलके डॅश ओ नेम, साइझ, मॉडेल, सिरियल. किंवा डेव्ह-डिस्क-बायआयडी या फोल्डरची यादी काढा, त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर नावातच असतात आणि पुढे बाण करून एसडी अमुक. हा सिरियल नंबर डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो आणि तो बूट करून बदलत नाही. खऱ्या डिस्कचे शेवटचे चार अक्षर-आकडे कागदावर लिहा, 'ही काढायची नाही' असं लिहून. गेलेली डिस्क पूर्णच मेली असेल तर ती यादीत दिसणारच नाही, मग उलट्या बाजूने ओळखायची, जिचा नंबर दिसतोय ती ठेवायची, न दिसणारी काढायची. एवढं झालं की माझ्या मते निम्मं काम झालं.

आता इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. डिस्क खरंच गेलीये का? स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारं टूल) डॅश ए मारून बाहेर पडलेलीचे तीन आकडे बघा. ५ नंबरचा रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा), १९७ नंबरचा करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेल्या, निकाल न लागलेल्या जागा) आणि १९९ नंबरचा यूडीएमए सीआरसी एरर (केबलमधून डेटा जाता-येता झालेल्या चुका). ५ किंवा १९७ वाढलेले असतील तर तिला निरोप द्या. पण ते दोन्ही शून्य आणि १९९ मात्र शेकड्यात असेल तर डिस्क बहुतेक ठीक आहे, दोष साटा केबलचा किंवा कनेक्टरचा. आपल्याकडे खाडीची दमट हवा, डबा टेबलाखाली, झाडू मारताना धक्का, हे मी खूप बघितलंय. तशात केबल बदलायची आणि डॅश डॅश रीॲड करायचं, म्हणजे तीच डिस्क परत ॲरेत घ्यायची. १०० जीबीपेक्षा मोठा ॲरे बनवताना एमडीएडीएम सहसा आपोआप बिटमॅप ठेवतो, म्हणजे कुठले ब्लॉक बदलले याची वही, त्यामुळे सगळे ४ टीबी परत न लिहिता बदललेलं तेवढंच भरलं जातं. कधीकधी काही मिनिटांत. सीआरसीचा आकडा मात्र कधी खाली येत नाही, तो जन्माचा हिशोब आहे, त्यामुळे केबल बदलल्यावर वाढतोय का तेवढंच बघायचं.

तिसरी एक शक्यता आहे जी साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये येते. खराब सेक्टर लागला की अशी डिस्क तो वाचायला मिनिटभरसुद्धा धडपडत बसते, लिनक्स ३० सेकंद वाट बघतो आणि मग लिंक रीसेट करतो, आणि त्या गडबडीत चालू शकली असती अशी डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. एनएएसवाल्या (नेटवर्क स्टोरेजच्या डब्यांसाठी बनवलेल्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, म्हणून मिररला त्या बऱ्या. स्मार्टसीटीएल डॅश एल एससीटीईआरसी मारून बघा तुमच्या डिस्क ही वेळेची मर्यादा मानतात का. मानत असतील तर ७०,७० द्यायचं (७ सेकंद), आणि हे डिस्कचा करंट गेला की सहसा विसरलं जातं म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाकायचं. मानत नसतील तर उलट कर्नलची वाट बघायची वेळ ३० वरून १८० करायची.

समजा गेलीच आहे. तरी नवीन लगेच जोडू नका, आधी खऱ्या डिस्कवरून महत्त्वाचं बाहेर काढा. यूएसबी डिस्कवर आरसिंकने (कॉपी करायचं टूल), सांबा (नेटवर्कवरचं फाईल शेअरिंग) बंद ठेवून, ज्यांचे अल्बम अजून द्यायचेत ती लग्नं आधी. कारण सांगतो. मिरर भरताना उरलेली एकुलती एक डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, म्हणजे पाच वर्षांपूर्वीचं जे लग्न कोणी उघडलंच नाहीये ते पण. तिथे एखादा सेक्टर सडलेला असेल तर आजवर कळलं नव्हतं, कारण दोन डिस्क असताना एमडी (लिनक्समधला मिरर चालवणारा भाग) दुसरीकडून वाचून ती जागा दुरुस्त करतो. आता दुसरी नाहीये, दुरुस्तीला माल आणणार कुठून. आणि या दोघी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतल्या असणार, तेवढेच तास चाललेल्या, तेवढ्याच मे महिन्यांत तापलेल्या. एक गेली तर दुसरी ठणठणीत आहे असं धरू नका. तिचे पण ५ आणि १९७ बघा, १९७ शून्य नसेल तर ॲड करायचंच नाही, डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारं टूल) आधी तिची प्रत काढायची, ते वेगळं प्रकरण आहे, तसं असेल तर थांबा आणि इथेच विचारा.

कॉपी झाली, आता डिस्क बदलायची. जुनी अजून यादीत दिसत असेल तर एमडीएडीएम एमडी० डॅश डॅश फेल आणि मग डॅश डॅश रिमूव्ह, दिसतच नसेल तर याची गरज नाही. मशीन बंद, मेनमधून वायर काढा, फोनचा टॉर्च मारून लेबलवरचा नंबर कागदाशी जुळवा, जुळला नाही तर स्क्रू परत लावा. केबल पण नवीनच घाला, लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही, ठाणे स्टेशनच्या आसपास मिळेल.

चालू केल्यावर सगळ्यात जपायचा क्षण हा. परत एलएसबीएलके. कालची एसडीए आज एसडीबी असू शकते आणि कोरी डिस्क एसडीए होऊन पहिल्या ओळीत बसलेली असू शकते. म्हणजे काल कागदावर लिहिलेल्या कमांड आज उलट्या दिशेने चालतील. सिरियल जुळवा, परत जुळवा. यादीत ४ टीबीच्या जागी ३.६ टी दिसेल, दुकानदाराने फसवलं नाहीये, तो १००० आणि १०२४ चा फरक आहे. बहुतेक सगळ्या ४ टीबी डिस्क ७,८१,४०,३७,१६८ सेक्टरच्या असतात त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी चालतं, थोडी जरी लहान निघाली तर मात्र एमडीएडीएम घेणार नाही, सरळ सांगेल पुरेशी मोठी नाही.

तुमच्या ॲरेत पार्टिशन आहे की अख्खी डिस्क ते डिटेलमध्ये दिसलंच असेल, शेवटी आकडा असेल तर पार्टिशन. असेल तर नवीनवर तसंच पार्टिशन करायचं. बरेच जण एसजीडिस्क डॅश कॅपिटल आर वापरतात, मला ते आवडत नाही, कारण त्यात जिच्यावर लिहायचं ती डिस्क आधी येते आणि जिच्यावरून वाचायचं ती नंतर, आणि दमलेल्या डोक्याला ते उलटं वाटतं. मी एसएफडिस्क डॅश डॅश डंप करून खऱ्या डिस्कचं टेबल एका फाईलमध्ये काढतो, फाईल उघडून वाचतो आणि मग ती फाईल नवीन डिस्कला देतो. मध्ये फाईल असली की माणूस एक क्षण थांबतो. नंतर नवीन डिस्कवर एसजीडिस्क डॅश कॅपिटल जी, नाहीतर दोन्ही डिस्कचे ओळखक्रमांक सारखेच राहतात.

आणि मग ती कमांड जी तुम्ही विचारत होतात: एमडीएडीएम एमडी० डॅश डॅश ॲड, पुढे नवीन पार्टिशन. झालं.

क्रिएटला एवढा का घाबरतोय ते पण ऐका. क्रिएट म्हणजे नवा संसार. ती सुपरब्लॉक नव्याने लिहिते, आणि डेटा डिस्कवर कुठल्या जागेपासून सुरू होतो हे एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये वेगळं राहिलंय, भाच्याने सहा वर्षांपूर्वी बनवलेलं आणि आजचं जुळेलच असं नाही. त्यात मिरर क्रिएट केल्यावर पहिल्या डिस्कवरून दुसरीवर कॉपी सुरू होते. तुम्ही कोरी डिस्क पहिली लिहिलीत तर ती कोरी पाटी तुमच्या फोटोंवर प्रामाणिकपणे उतरवली जाईल. कमांड विचारते पण, डिस्कवर आधीचं काहीतरी दिसतंय, पुढे जाऊ का, आणि लोक वाय दाबतात. व्हिडिओतला माणूस खोटं सांगत नाहीये, तो दोन कोऱ्या डिस्क घेऊन बसलाय एवढंच.

ॲड झाल्यावर वॉच कमांड लावून एमडीस्टॅट बघत बसा, टक्के आणि उरलेला वेळ दिसतो. सेकंदाला १५० एमबी धरलं तर ४ टीबीला साडेसात तास, डिस्कच्या आतल्या भागात वेग कमी होतो म्हणून नऊ-दहा धरा. रात्री स्टुडिओ बंद करताना लावलं तर सकाळी होतं. मध्येच कोणी फोटो उघडले तर बिघडत नाही, हळू होतं फक्त, एमडी स्वतःच बाजूला होऊन त्यांना जागा देतो. लाइट गेली तरी नवीन मेटाडेटाच्या (नोंदी ठेवायच्या नव्या पद्धतीच्या) ॲरेत थोडं मागून पुढे सुरू होतं, पण यूपीएस लावा हो, तेवढ्या पैशांसाठी ही हौस नको.

ऑपरेटिंग सिस्टिम याच दोन डिस्कवर आहे की वेगळ्या एसएसडीवर ते तुम्ही लिहिलं नाहीये. वेगळी असेल तर हा परिच्छेद सोडा. याच डिस्कवर असेल तर नवीनवर ग्रब (मशीन चालू होताना लिनक्स उचलणारा प्रोग्राम) पण टाकायला लागेल, कारण बूटचा भाग मिररमध्ये आपोआप येत नाही, आणि यूईएफआय (नव्या मशीनची बूट पद्धत) असेल तर ईएफआय पार्टिशन बहुधा एकाच डिस्कवर असतं. हे राहून गेलं की पुढच्या वेळी फोटो सुखरूप आणि मशीन चालू होत नाही.

'यू यू' दिसलं की दोन कामं त्याच दिवशी उरका. एक, एमडीएडीएमच्या कॉन्फिगमध्ये मेलॲडरची (तुमच्या ईमेल पत्त्याची) ओळ टाकून मॉनिटर-स्कॅन-वनशॉट-टेस्ट मारा आणि मेल खरंच येतो का बघा. मेल पाठवायची सोय मशीनमध्ये बहुधा नसते आणि लोक ओळ टाकून निवांत होतात, म्हणून टेस्ट महत्त्वाची. दुसरं, उबंटू-डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप पूर्ण तपासणी होते, ती बंद केलेली नाही ना ते बघा. रविवारी मशीन बंद करून ठेवत असाल तर ती राहून जाऊ शकते, मग हाताने सिंक ॲक्शनच्या फाईलमध्ये 'चेक' लिहायचं. त्यानंतर मिसमॅच काउंट शून्य नसला तर रिपेअर मारायची घाई नको, कारण दोन प्रतींत फरक आहे एवढंच एमडीला कळतं, बरोबर कोणती ते नाही, तो आपला एक उचलून दुसरीवर लिहितो. झेडएफएसमध्ये (ही दुसरी एक फाईल सिस्टिम) चेकसम, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो म्हणून त्याला बरोबर प्रत कळते. नवीन डबा बांधाल तेव्हा विचार करा, आता चालत्या गाडीत नको.

बॅकअपवर भाषण देत नाही, फक्त असं की असिस्टंटने चुकून एखादं लग्न डिलीट केलं तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाईल, मिरर तेवढा आज्ञाधारक आहे. आत्ता कॉपीसाठी घेतलेली यूएसबी डिस्क परत विकू नका, घरी ठेवा, स्टुडिओत नको.

काढलेली डिस्क लगेच फेकू नका आणि लगेच दुसऱ्या कामाला पण लावू नका. तिच्यावर मास्किंग टेप, त्यावर तारीख आणि 'बाहेर पडलेली', आणि महिनाभर कपाटात. नंतर वापरायचीच असेल तर वेगळ्या मशीनला लावून झिरो-सुपरब्लॉक मारा, सिरियल बघूनच. याच डब्यात तशीच परत घातलीत तर ती पुन्हा 'मीच खरी' म्हणत उभी राहायला बघेल. डिटेल आणि दोन्ही एक्झॅमिनचं आउटपुट इथे टाका, ॲड मारायच्या आधी मी एकदा नजर टाकतो, रात्री नऊनंतर मोकळा असतो.